एकाच ॲपमधले चंद्र आणि शनी

नागपूर आणि मुंबईच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडे सूर्य-चंद्र मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतात. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनी घोकलेलं असतं आणि दहावीनंतर सहसा कोणाला लागत नाही. संकष्टी धरणाऱ्या बाईला मात्र ते दर महिन्याला लागतं.

आमच्याकडे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कडक संकष्टी करतात. दिवसभर भगर-साबुदाणासुद्धा नाही. रात्री चंद्राला अर्घ्य, गणपतीला तळलेल्या मोदकांचा नैवेद्य आणि मग जेवण. पूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरात नागपूरचा चंद्रोदय बघून त्या पानं घ्यायला सांगायच्या. मग नातवानं फोनमध्ये पंचांगाचं ॲप टाकून दिलं. एका संकष्टीला त्या फोन हातात घेऊन माझ्याकडे आल्या. "अगं, कॅलेंडरात नऊ सोळा लिहिलं आहे अन् हे नऊ बेचाळीस दाखवून राहिलं. कोणाचं खरं धरू?"

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, मिहानमधल्या एका कंपनीत. असा २६ मिनिटांचा फरक दिसला की माझा हात आपोआप सेटिंग्जकडे जातो. तिथं गाव मुंबई होतं. लोकेशनची परवानगी दिली नाही की ॲप गुपचूप मुंबई धरून चालत होतं आणि तसं स्क्रीनवर कुठंही लिहीत नव्हतं. मी ते सांगेपर्यंत आई गच्चीवर पोचल्या होत्या. समोरच्या फ्लॅट स्कीमच्या पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर येत होता, तांबूस आणि खालून जरासा चपटा. क्षितिजाजवळची हवा प्रकाश वाकवते, म्हणून चंद्र सुमारे अर्धा अंश उचललेला दिसतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून तो चपटा. ॲपच्या हिशोबानं तो अजून उगवायचाच होता. आईंनी अर्घ्य दिलं आणि खाली आल्या.

त्या रात्री गच्चीवर जे झालं, त्याला आमच्या धंद्यात टेस्ट म्हणतात. सॉफ्टवेअरनं एक आकडा दिला, तो कशाशी ताडून बघायचा हे आधीपासून ठरलेलं होतं, आणि ताडून बघितल्यावर आकडा नापास झाला. सत्तरीतल्या, विज्ञान न शिकलेल्या बाईनं उपाशीपोटी एक बग पकडला. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि हा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

आधी तो नऊ सोळाचा आकडा येतो कुठून ते बघू, कारण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कित्येक पंचांगांच्या आणि पत्रिकांच्या ॲपमागे स्विस एफेमेरिस नावाची एक प्रणाली असते. ती १९९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या ॲस्ट्रोडीन्स्ट या कंपनीनं काढली. कंपनी ज्योतिषाचीच, पण कोड अतिशय काटेकोर, आणि खुला. कोणीही उघडून वाचावा. त्यातली ग्रहांची स्थानं नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या गणितावरून घेतलेली आहेत. ते गणित रडारच्या नोंदींवर, अंतराळयानांच्या मागोव्यावर आणि चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर उभं आहे. अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी तिथं परावर्तक मांडून ठेवले. सोव्हिएत रशियाच्या दोन ल्युनोखोद गाड्यांवरही तसेच परावर्तक आहेत. पृथ्वीवरून त्यांच्यावर लेसर सोडायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. यावरूनच चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरनं आपल्यापासून दूर जातो आहे हे कळलं. नागपूरच्या स्वयंपाकघरात मोदक तळणीत कधी सोडायचे, हे ठरवण्यात त्या आरशांचा हात आहे.

आणि रेखांश? तेही कोणीतरी पायी चालून मोजले आहेत. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादकडून नागपूरला येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. नागपूर ७९ अंशांच्या जरासं पूर्वेला आहे हे आज फोनला क्षणात कळतं. त्याच्या काळात एकेक अंश जंगलातून, तापातून, साखळ्या आणि कोन मोजायचे थिओडोलाइट ओढत आणावा लागत होता.

हे सगळं परदेशातून आलं असं मात्र कोणी समजू नये. गणित आकाशाशी जुळलंच पाहिजे, हा हट्ट आपल्या पंचांगकर्त्यांचा फार जुना आहे. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ स्वतः ग्रहांचे वेध घेत. जुन्या ग्रंथांवरून काढलेला ग्रह जागेवर सापडला नाही तर ते ग्रंथ दुरुस्त करायचे. त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ यानं १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला आणि त्यात ज्या-कोज्यांची (साइन-कोसाइनची) किचकट आकडेमोड टाळून ग्रह काढायच्या सोप्या रीती दिल्या. कमी आकडेमोडीत तेवढंच चांगलं उत्तर आणायचं, याला आज आम्ही ऑप्टिमायझेशन म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. पुढं तेही गणित ढिलं पडलं. टिळकांचे गणिताचे शिक्षक केरूनाना छत्रे यांनी १८६५ पासून नव्या गणिताचं पटवर्धनी पंचांग काढलं, तेव्हा लोक रागावले. धर्माचं पंचांग इंग्रजांच्या कोष्टकांवरून कसं काढता, असा सूर होता. छत्र्यांच्या बाजूनं एकच साक्षीदार होता, आकाश, आणि तो फितवता येत नव्हता. त्यांच्यानंतर व्यंकटेश बापूजी केतकरांनी तेच काम आयुष्यभर केलं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारण्यासाठी समिती नेमली. देशभरातली तीस वेगवेगळी पंचांगं त्यांच्यापुढं आली. समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी. त्यांच्या नावाचे अयनांश आज बहुतेक ॲपमध्ये आपोआप निवडलेले असतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला जवळजवळ २६ हजार वर्षं लागतात, आणि त्यामुळे ऋतूंचं वर्ष आणि ताऱ्यांचं वर्ष यांच्यात सुमारे ७१ वर्षांत एक दिवसाचं अंतर पडतं. त्याचा हिशोब म्हणजे अयनांश.

संक्रांत १४ जानेवारीलाच असते असं आपण धरून चालतो. पण विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले तो दिवस संक्रांतीचा होता, असं त्यांच्या चरित्रांत मिळतं, आणि गणितही तेच सांगतं. मागे जाऊन हिशोब केला तर १७६१ मध्ये संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे पानिपतावर १४ जानेवारीला मराठी फौज लढली तेव्हा संक्रांत येऊन गेलेली होती. "ऐन संक्रांतीच्या दिवशी" हे आपण किती भाषणांतून ऐकलं आहे! मला त्यात कोणाला चूक दाखवायची हौस नाही. हिशोब कोणालाही करून बघता येतो, एवढंच त्यातलं मला आवडतं.

आता त्याच ॲपमध्ये बोटानं जरा खाली सरकू. चंद्रोदय, सूर्योदय, तिथी, नक्षत्र, राहुकाळ, आणि त्यानंतर "आजचं तुमचं भविष्य". अक्षरं तीच, रंग तोच, सुरातला ठामपणा तोच. "रात्री ९.१६ ला चंद्रोदय" आणि "दुपारनंतर आर्थिक व्यवहार टाळा" ही दोन वाक्यं एकाखाली एक, एकाच तोंडातून आल्यासारखी. माझी तक्रार इथं सुरू होते.

आमचे बाबा, माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले. वेळेच्या बाबतीत अतिशय कडक. त्यांचा युक्तिवाद मी अनेक घरांत ऐकला आहे, पण त्यांच्याइतका नेमका कोणी मांडत नाही. "ग्रहण मिनिटावर सांगते न हे पंचांग? तेव्हा तू मान डोलावते. मग शनीचंच काऊन चुकणार?" प्रश्न सच्चा आहे आणि त्याला सच्चं उत्तर द्यायला हवं. शनी कुठं आहे हे पंचांग बरोबरच सांगतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात कधी आकाशदर्शन असेल तेव्हा जावं. पंचांगात लिहिलेल्या राशीतच शनी कड्यासकट सापडतो. शनी तिथं असल्यामुळे बाबांच्या नातवाची नोकरी लांबते, हे दुसरं विधान आहे. पहिल्या विधानाच्या पाठीशी केशव दैवज्ञांपासून चंद्रावरच्या आरशांपर्यंत पाचशे वर्षांची तपासणी उभी आहे. दुसऱ्याच्या पाठीशी फक्त पहिल्याशी असलेला शेजार आहे.

तपासणी झालीच नाही असंही नाही. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली आणि २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांना आवाहन केलं की पत्रिका बघून कोणती कोणत्या गटातली ते सांगा. शेवटपर्यंत २७ जणांनी भाग घेतला, प्रत्येकाला ४० पत्रिका. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती. मला या प्रयोगात सगळ्यात जास्त आवडते ती त्याची सभ्यता. कोणाची टर उडवली नाही, कोणावर धाड घातली नाही. तुम्ही सांगता ते तपासून बघू या, आणि कसं तपासायचं ते आधीच उघड करू या, एवढंच म्हटलं. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला गोळ्या घालून मारलं, ही आठवण त्या शोधनिबंधापासून मला वेगळी काढता येत नाही.

टेस्टिंगवाल्याच्या डोळ्याला आणखी एक गोष्ट दिसते. त्या ॲपमध्ये मुंबई धरण्याचा जो दोष होता, तो पत्रिकेच्या भागातही होता. जन्मगाव न भरता कोणी पुढं गेलं तर तिथंही मुंबईच. लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास, साधारण दोन तासांनी बदलते. २५ मिनिटांची चूक म्हणजे दर पाच जणांतल्या एकाची लग्नरासच चुकणार, आणि ज्योतिषाच्या नियमांनीच बघायचं तर त्याचं पुढचं सगळं भविष्य दुसऱ्याच माणसाचं होणार. तरी एकानंही तक्रार केली नसेल. करणार कशी? चंद्र उशिरा दाखवला तर गच्चीवर जाऊन कळतं. भविष्य चुकीच्या लग्नराशीवरून दिलं तर ते कळायला गच्ची कुठं आहे? एकच चूक, एकाच कोडमधली. एकीकडे ती पहिल्याच संकष्टीला पकडली गेली, दुसरीकडे ती वर्षानुवर्षं राहिली तरी कोणाला पत्ता लागणार नाही.

हे नुसतं तात्त्विक असतं तर मी एवढं लिहिलं नसतं.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीसाठी वर्ध्याचं एक स्थळ आलं होतं. दोन्ही घरं समजूतदार, मुलगा-मुलगी एकदा भेटून बोलले होते, दोघांनाही बरं वाटलं होतं. मग कोणीतरी दोघांच्या जन्मतारखा ॲपमध्ये टाकल्या. छत्तीसपैकी सतरा गुण, आणि लाल अक्षरांत "नाडीदोष". अठराच्या खाली म्हणजे नको, असं ठरलेलं. बोलणी थंड पडली. मुलीनं मला फोन करून एकच विचारलं, "मावशी, हे सतरा आले कुठून?"

रविवारी ती घरी आली आणि आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. गुणमेलन फक्त चंद्रावरून होतं: जन्माच्या वेळी तो कोणत्या नक्षत्रात आणि कोणत्या राशीत होता, बस्स. नक्षत्रं २७, त्यातली नऊ दोन राशींत विभागलेली, म्हणून एकूण ३६ जोड्या. म्हणजे जगातली सगळी माणसं ३६ खणांत बसवायची. वधूचा खण आडवा, वराचा उभा. ३६ गुणिले ३६, १२९६ चौकोन. प्रत्येक चौकोनात एक आकडा कायमचा लिहिलेला. ॲप "तुमचं विश्लेषण करत आहोत" म्हणत गोल चक्र फिरवत बसतं, पण करतं इतकंच की त्या कोष्टकातला चौकोन उचलतं. हे कोष्टक पंचांगाच्या पानांत पिढ्यान्‌पिढ्या छापलेलं आहे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, तेव्हा त्या दिवशी मेडिकलच्या प्रसूती वॉर्डात जन्मलेल्या बहुतेक सगळ्या पोरींचे गुण तेच.

मग नाडी. नाड्या तीन: आद्य, मध्य, अंत्य. प्रत्येकीत नऊ नक्षत्रं. कोणतीही दोन माणसं घेतली तर त्यांची नाडी एक असण्याची शक्यता तीनात एक. महाराष्ट्रातल्या सुखी, दुःखी, भांडकुदळ, लेकुरवाळ्या अशा सगळ्या जोडप्यांपैकी ज्यांनी पत्रिका न बघता लग्न केलं, त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश जोडप्यांना हा दोष आहे. शास्त्रात नाडीदोषाचे अपवादही सांगितलेले आहेत. जुन्या गुरुजींना ते ठाऊक असायचे आणि दोन घरांचं मन बघून ते वापरायचे. लाल अक्षरांना ते ठाऊक नव्हते.

मुलीच्या मामानं वर आणखी सांगितलं होतं की एक नाडी म्हणजे एकच रक्तगट, मुलांना त्रास होतो, "हे सायन्स आहे". याचा मला खरा राग येतो. रक्तगट आई-वडिलांच्या जनुकांवरून ठरतो, जन्मदिवशीच्या चंद्राचा त्यात काही भाग नाही. गर्भाला त्रास होऊ शकतो तो आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा, म्हणजे गट वेगळे असताना. त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे, ते वेळेवर घ्यायचं असतं. त्या घरात रक्ततपासणीबद्दल कोणी बोललं नाही, नाडीबद्दल सगळे बोलले. धर्माच्या नावानं विज्ञान नाकारणाऱ्याशी निदान बोलता तरी येतं. विज्ञानाचं नाव लावून विज्ञानाच्या उलटं सांगणाऱ्याशी कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

त्या स्थळाचं पुढं काय झालं ते त्या दोन घरांचं आहे, इथं लिहायचं नाही. पण कोष्टकाची पहिलीच ओळ बघून ती मुलगी थांबली होती, ते सांगायला हवं. हे छत्तीस गुण आठ कूटांत, म्हणजे आठ कसोट्यांत, वाटलेले असतात. त्यातलं पहिलं कूट वर्ण. एका गुणाचं. वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असावा असा त्याचा नियम. हा वर्ण जातीवरून नाही, राशीवरून धरतात, हे मला माहीत आहे आणि मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "पण लिहिलंय तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्रच न?" तशीच नावं होती, फोनच्या स्क्रीनवर, छान गोल कोपऱ्यांच्या चौकटीत.

साडेसातीचं गणितही असंच करून बघावं. शनी जन्मराशीच्या आधीच्या, जन्मराशीत आणि पुढच्या राशीत असतो ती साडेसात वर्षं. बारा राशींपैकी तीन, म्हणजे कुठल्याही क्षणी चारातला एक माणूस साडेसातीत. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. सहा लाख लोक कायम साडेसातीत. सहा लाख लोकांतल्या कोणाचा तरी धंदा बसतो, कोणाचा पाय मोडतो, कोणाचं पोरगं नापास होतं. ॲपला हे पुरतं. पहाटे नोटिफिकेशन: "तुमच्या राशीवर शनीची दृष्टी आहे, आत्ताच बोला." पहिली काही मिनिटं फुकट, नंतर मिनिटाला इतके रुपये. ज्यांनी हे बांधलं त्यांना भीती वाटलेला माणूस ॲप पुन्हापुन्हा उघडतो हे आकड्यांनिशी माहीत असतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत मीही आहे, म्हणून लिहिते: कोणती नोटिफिकेशन उघडली जाते याचा हिशोब आमच्याकडे अतिशय चोख ठेवला जातो. त्यातलं भाकीत खरं ठरलं का, याचा हिशोब ठेवायला कोणी सांगत नाही.

बाबा म्हणतात, समाधान मिळतं. मी हे उडवून लावत नाही. नातू दोन वर्षं परीक्षा देतो आहे, घरात तो विषय काढता येत नाही, अशा वेळी "जूननंतर योग आहे" या वाक्यावर आजोबांना झोप लागत असेल, तर ते मी हिसकावून घेणार नाही. महाल भागातले आमचे जुने गुरुजीही असंच काहीतरी सांगायचे. पण त्यांना घर माहीत होतं. मुलगा कुठं अडला आहे, कोणाला काय सहन होईल, काय सांगू नये, हे त्यांना कळायचं, आणि चुकले तर पुढच्या श्रावणात याच दारात यावं लागायचं. सगळे गुरुजी असे होते असं मी म्हणणार नाही, लुबाडणारेही होते. तरी माणूस समोर बसलेला असे. मिनिटावर पैसे घेणाऱ्याला बाबा कोण हे माहीत नाही आणि त्यांनी फोन लवकर ठेवू नये यातच त्याचं पोट आहे.

अलीकडे तर समोर माणूसही नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ज्योतिषी गप्पा मारतो, गोड मराठीत, "काळजी करू नका बाबा" म्हणत. भाषेचं मॉडेल आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधतं. त्याला ग्रहगणित जोडून दिलं नसेल तर आज चंद्र कुठं आहे हे त्याला ठाऊक नसतं, पण उत्तर द्यायला ते अडत नाही. मी एकाला त्या दिवसाचं नक्षत्र विचारलं. त्यानं ठासून सांगितलं आणि ते पंचांगाशी जुळलं नाही. सीताबर्डीवर पूर्वी "कॉम्प्युटरवर पत्रिका काढून मिळेल" अशा पाट्या असायच्या, आणि डॉट मॅट्रिक्सच्या त्या लांब कागदांवर ग्रह तरी बरोबर असायचे. आता तेवढीही खात्री राहिली नाही.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की माझा झगडा श्रद्धेशी आहे. मी आईंबरोबर अंगारकीला टेकडीच्या गणपतीला रांगेत उभी राहते आणि मला ते मनापासून आवडतं. कालगणना आणि श्रद्धा या शहरात एकत्र नांदतातच. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमी होती. तेव्हापासून दीक्षाभूमीवर दसऱ्यालाही लोक येतात आणि १४ ऑक्टोबरलाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे दसरा २४ ऑक्टोबरला गेला, २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला आला. तिथी की तारीख यावरून तिथं कोणी भांडत नाही. विदर्भातल्या खेड्यांतून आलेली बाई डोक्यावरचं गाठोडं सांभाळत दोन्हीला येते. मोमिनपुऱ्यात ईदचा चंद्र किती मिनिटं क्षितिजावर राहील हे फोन आधीच सांगतो, तरी लोक डोळ्यांनी बघून ठरवतात. तो त्यांच्या धर्माचा निर्णय आहे आणि फोनचं गणित त्याच्या आड येत नाही. आंबेडकरांनी १९५० मधल्या एका लेखात धर्म विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, अशी अट घातली होती. सहा वर्षांनी लाखो लोकांसमोर त्यांनी निवड केली ती त्याच अटीला धरून. श्रद्धेनं बुद्धीला घाबरायचं कारण नाही, हे या शहराला वेगळं सांगावं लागू नये.

आईंच्या फोनमधलं गाव मी नागपूर करून दिलं आणि ॲपवाल्यांना सविस्तर लिहिलं, बग जसा लिहितात तसा. चंद्रोदयाशेजारी कोणत्या गावाचा ते मोठ्या अक्षरांत दाखवा. अयनांश कोणते ते लिहा. भविष्य वेगळ्या पानावर न्या आणि त्याखाली मागच्या महिन्याचं भविष्यही राहू द्या, पुसू नका, म्हणजे ज्याला ताडून बघायचं त्याला बघता येईल. नाडीदोष लाल अक्षरांत दाखवू नका, आणि दाखवायचाच असेल तर तीनात एका जोडीला तो असतो हेही तिथंच लिहा. साडेसातीची भीती घालणारी पहाटेची नोटिफिकेशन बंद करा.

गाव दाखवायचं त्यांनी मान्य केलं, आणि पुढच्या अपडेटमध्ये ते आलंही. बाकीच्यावर "आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद" एवढंच उत्तर आलं. मी परत लिहिलं आहे आणि त्यात आणखी एक मागणी जोडली आहे, त्या मुलीची: वर्णाची ओळ कोष्टकातून काढून टाका. कोडमध्ये त्याला फार काही करावं लागत नाही, एका दुपारचं काम आहे. छत्तीसचे पस्तीस होतील, होऊ द्या.